पहिल्या वळणाचा ब्रेक

मला एका जागी बसवत नाही. डॉक्टर म्हणतात गुडघ्यामुळे, माझा मुलगा कोराडो म्हणतो स्वभावामुळे. त्याचं ऐकू नका. त्याला गाडीत मागे बसवलं की किनाऱ्याच्या रस्त्यावर तिसऱ्या वळणाला तोंडापुढे पिशवी धरावी लागते. जिने पंधरा वर्षं झास्तावा गाडी डोंगराच्या चढावरच्या शर्यतींत पळवली, त्या नेवियाच्या पोटी हे रत्न! देवालाही कधी कधी गंमत करावीशी वाटते, दुसरं काय.

सून मात्र त्याने अशी आणली की मी मनातल्या मनात मेणबत्ती लावली. तिहाना रियेकाच्या बंदरावर क्रेन चालवते. चाळीस मीटर उंचावर बसून जहाजातले कंटेनर असे उतरवते की खालच्या माणसाची कॉफीसुद्धा हिंदकळू नये. बोलणं कमी, हात स्थिर. गेल्या हिवाळ्यात तिने एक जुनी लाल पुंतो गाडी घेतली आणि एका रविवारी जेवताना सांगून टाकलं, "एप्रिलमध्ये ग्रोबनिकच्या शर्यतीच्या ट्रॅकवर नवशिक्यांचा दिवस आहे. मी नाव दिलंय."

कोराडोच्या हातातला चमचा तसाच राहिला. मी मात्र उठून तिला दुसऱ्यांदा मक्याच्या पिठाची पलेंता वाढली.

पुढचे दोन महिने आमचं घर म्हणजे गॅरेजच झालं. खरं तर आधीपासूनच आहे. वर आम्ही राहतो, खाली माझं गॅरेज. शर्यती सुटल्यापासून मी लोकांच्या गाड्या दुरुस्त करते, आणि या खोऱ्यात चढाची शर्यत खेळणारा माझ्याकडून ब्रेक बघून घेतल्याशिवाय निघत नाही. ब्रेकच्या बाबतीत माझा एकच कायदा आहे. पॅडने पहिल्याच वळणाला धरलं पाहिजे. गार असताना, झोपेतून उठल्या उठल्या, कसलीही कुरकुर न करता.

हा कायदा कुठून आला ते माझा उजवा पाय सांगेल. मी सत्तावीस वर्षांची होते. एका मित्राने त्रिएस्तेहून भारीतले पॅड आणून दिले होते, मोठ्या ट्रॅकच्या गाड्यांना लावतात तसले. म्हणाला, याच्यापुढे तुझे पॅड म्हणजे चीज. मी लावले. हिरवा दिवा लागला, मी सुटले, चर्चच्या खालच्या पहिल्या वळणावर ब्रेक दाबला, आणि काही झालंच नाही. पॅड गार होते. त्यांना तापायला वेळ हवा होता, आणि माझ्यापुढे दगडी भिंत होती. तेव्हापासून गुडघा पुरता वाकत नाही. छत्तीस वर्षं झाली, अजून स्वप्नात तो पाय दाबते.

तर मार्चमध्ये एका संध्याकाळी तिहानाने जेवणाच्या टेबलावर एक खोकं ठेवलं.

"आले बघा, आई."

मी एक पॅड काढला, नखाने खरवडला, वास घेतला. तोच जुना वास.

"हा दगड आहे," मी म्हटलं. "परत पाठव."

"गरम झाल्यावर धरतात ते."

"आणि गरम होईपर्यंत काय? देवाचा धावा करायचा?"

"होईपर्यंत हळू चालवायचं. पहिली फेरी त्यासाठीच असते." ती शांतपणे ब्रेड कापत होती. "आई, नवशिकी माणसं ब्रेक फार दाबतात. लवकर दाबतात आणि दाबूनच ठेवतात. मीही तेच करणार, मला माहीत आहे. साधे पॅड चार-पाच फेऱ्यांत तापून कामातून जातील. हे टिकतील."

"कोणी सांगितलं हे शहाणपण?"

"ट्रॅकवर शिकवतो त्याने. आणखी तिघांना विचारलं, तेही तेच म्हणाले."

"चौघांना विचारलंस. घरात जी बसलीय तिला विचारायचं मात्र सुचलं नाही."

कोराडो म्हणाला, "आई, सूप गार होतंय." या मुलाला सूप नेमकं अशाच वेळी आठवतं.

मग तिहाना माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही काय सांगणार ते माहीत होतं. पण बसवायचे तुमच्याच हाताने. दुसऱ्या कुणाचा हात माझ्या ब्रेकला लागायला नको."

मी खोकं उचललं आणि खाली नेऊन ठेवलं.

ट्रॅकचा दिवस शनिवारी होता. गुरुवारी मी पुंतो जॅकवर घेतली. जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं, नळ्या तपासल्या. डाव्या चाकाला तिचे पॅड बसवलेसुद्धा, देवाशपथ! बोल्ट आवळला आणि हात थांबला. समोर ती भिंत उभी राहिली. चर्चच्या खालची, शेवाळलेली, तिच्या फटीतून उगवलेल्या अंजिराच्या रोपासकट. मी बाहेर जाऊन अंगणात तीन चकरा मारल्या. परत आले, बोल्ट सैल केला, पॅड काढले आणि फळीवरून माझे घेतले. चढाच्या शर्यतवाल्यांना मी जे देते ते. मऊ, आज्ञाधारक, पहिल्या दाबाला धरणारे. चारही बसवून टाकले.

तिचे पॅड फडक्यात गुंडाळून लोखंडी पेटीत घातले. रिकामं खोकं मात्र टेबलावर दिसेल असं ठेवलं. हे मी केलं. हाताला चळ लागला होता असं म्हणावंसं वाटतं, पण खोकं ठेवताना हात अगदी स्थिर होता.

मग पॅड रुळावेत म्हणून गाडी प्लाताकच्या डोंगरावर नेली. वर जाताना काय धरत होते! लोण्यात सुरी जावी तसे. उतरताना सवयीने गिअरवरच उतरले, ब्रेकला पाय फारसा लावलाच नाही. ते तेव्हा ध्यानात यायला हवं होतं. पण स्वतःवर खूश असलेल्या बाईच्या काही ध्यानात येत नसतं.

संध्याकाळी तिहाना गाडी घेऊन बंदरापर्यंत जाऊन आली. दारातूनच ओरडली, "आई! काय मस्त धरतात! मी उगाच घाबरत होते, गार असताना अडचण होईल म्हणून. त्या शिकवणाऱ्याने जरा वाढवूनच सांगितलं वाटतं." आणि तिने मला मिठी मारली. ही पोर सहसा कुणाला मिठी मारत नाही.

"हात कुणाचा आहे!" मी म्हटलं. खरंच म्हटलं असं. जीभ झडली नाही माझी.

त्या रात्री झोप लागली नाही आणि शुक्रवारी काम सुचलं नाही. तिहाना नुसती "आई" म्हणाली तरी मी दचकायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. शनिवारी सकाळी निघताना मी फडक्यातले ते पॅड पेटीतून काढून माझ्या व्हॅनमध्ये हत्यारांखाली टाकले. का टाकले, ते स्वतःलाही सांगितलं नाही.

ग्रोबनिकला बुरा सुटला होता. डोंगरावरून समुद्राकडे झेपावणारा आमचा वारा. तो सुटला की माणसं वाकून चालतात आणि कुत्री चिडचिडी होतात. नवशिक्यांच्या पंचवीसेक गाड्या रांगेत उभ्या होत्या. वीस-वीस मिनिटांच्या चार पाळ्या, तिसरीनंतर जेवणाची सुट्टी. वेळ कुणाची मोजायची नाही, मागच्याला पुढे जायचं असेल तर पुढच्याने हात दाखवायचा.

गाड्यांना इशारे देणाऱ्या झेंड्यांपाशी सिल्वानो उभा होता. आम्ही दोघांनी एकाच काळात चढाच्या शर्यती खेळल्या. आता त्याच्या डोक्यावर केस नाहीत, पण आवाज तसाच आहे.

"नेविया! सुनेला माझ्या हवाली करायला आलीस होय?"

"तुझ्या हवाली मी मांजरसुद्धा करणार नाही."

"ब्रेक कुणी बघितले तिचे?"

"मी."

"मग झालं," तो म्हणाला आणि कागदावर खूण केली.

पहिल्या पाळीत शिकवणारा तिहानाशेजारी बसला होता. सगळ्या गाड्या बदकाच्या पिल्लांसारख्या एकामागून एक. काही झालं नाही. मी कॉफी घेतली, अर्धी सांडली, दुसरी घेतली. मनात म्हटलं, बघ, तुझंच खरं आहे. उगाच जीव खालीवर करून घेतेस.

दुसऱ्या पाळीत ती एकटी होती. मी कठड्याला धरून उभी राहायची, मग शंभर पावलं जायची, मग परत. कोराडो तोंड दुसरीकडे करून बसला होता. त्याला गाड्या बघूनही मळमळतं. सरळ पट्ट्याच्या शेवटी पुंतोचे लाल दिवे लागायचे ते लागूनच राहायचे. लवकर दाबत होती, दाबून ठेवत होती. अगदी तिने सांगितलं होतं तसंच.

ती आत आली तेव्हा गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. हँडब्रेक न ओढता तिने गाडी गिअरमध्ये ठेवली आणि कोराडोने चाकामागे दगड लावला. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नसतो, एवढं तरी त्याला आम्ही शिकवलंय.

"आई, काय मजा आली!" तिने हेल्मेट काढलं. "फक्त शेवटच्या दोन फेऱ्यांना एक झालं. पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबायला वेळ लावते. टायर असतील का?"

मी चाकाच्या आऱ्यांतून आत पाहिलं. पॅडची कडा पांढुरकी पडली होती. जळकट, आंबूस वास येत होता. गॅरेजमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईला तो वास काय सांगतो हे वेगळं सांगायला नको.

"टायर असतील," मी म्हटलं.

ऐकलंत ना? तिने विचारलं, तोंड उघडायला देवाने आयती संधी दिली, आणि मी हे म्हटलं.

"हवा जरा कमी करूया मग," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली. मी हवेचं मीटर धरलं. आम्ही दोघींनी मिळून चारही चाकांची हवा कमी केली, जिचा काही संबंध नव्हता. ती मान खाली घालून आकडे वाचत होती आणि मी "बरोबर, बरोबर" म्हणत होते.

"पॅड तरी चांगले घेतले, ते बरं झालं," ती उठता उठता म्हणाली. "साधे असते तर आत्तापर्यंत जळले असते. आता तिसऱ्या पाळीत जरा जोरात जाऊन बघते."

"कशाला जोरात? हळूच जा. मध्ये एखादी फेरी ब्रेक न मारता काढ, वारा लागू दे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिने मला आजवर कधी "हळू जा" म्हणताना ऐकलं नव्हतं. "काही बिघडलंय का, आई?"

"छे! काय बिघडायचंय?"

ती गेली.

कोराडोने चीज आणि मोर्तादेला सॉसेजचं सँडविच माझ्या हातात दिलं. मी ते हातात धरून चालायला लागले. कठड्यापासून झेंड्यांपर्यंत, झेंड्यांपासून शौचालयापर्यंत, परत कठड्याला. वाऱ्याने कागद उडून गेला. पहिली फेरी. ठीक. दुसरी फेरी. खरंच जोरात होती. सरळ पट्ट्यावर इंजिनाचा आवाज गेल्या वेळेपेक्षा वर चढलेला. तिसऱ्या फेरीला ती समोरून गेली आणि मागे तो वास राहिला. एवढ्या वाऱ्यातसुद्धा.

मी मनाशी हिशेब मांडत होते. माझ्या पॅडनी कधी दगा दिला नाही. पंधरा वर्षांत एकदाही नाही. मग आज का? आणि मग डोक्यात उजेड पडला तो असा की मी उभ्या जागी थबकले. माझी शर्यत तीन मिनिटांची असायची. वर पोचलं, संपलं. आणि सगळी चढावर. चढावर पाय उचलला की निम्मा ब्रेक डोंगरच मारतो. जन्मभर ज्या पॅडची मी तारीफ केली, त्यांचं अर्धं काम डोंगराने केलं होतं. इथे डोंगर कुठे होता? इथे सपाट रस्ता, वीस मिनिटं, आणि एक पोर, जी ब्रेकवरून पाय उचलत नाही, कारण ती तिच्या पॅडच्या भरवशावर आहे. आणि ते पॅड माझ्या व्हॅनमध्ये पडले होते.

मी धावले. म्हणजे माझा जो काही धावण्याचा प्रकार आहे तो केला.

"सिल्वानो, तिला आत बोलाव."

"का? काय झालं?"

"बोलाव म्हणते ना!"

"अगं, सासूचा जीव घाबरा झाला म्हणून मी झेंडा दाखवत नाही. कारण सांग. तेल गळतंय? काही सैल झालंय?"

कोराडो माझ्यामागून आला होता. त्याला कळेल. आणि एकदा कळलं की तिहानाला कळेल, खोऱ्यातल्या प्रत्येक शर्यतवाल्याला कळेल की नेवियाने सुनेच्या ब्रेकला हात लावला आणि खोटं बोलली. पुंतो चौथ्यांदा समोरून गेली. दिवे लागले, लागूनच राहिले, गाडी कशीबशी वळली. वळणाबाहेरच्या पट्टीवर एक चाक चढून धूळ उडाली.

"नेविया?"

ती फेरी मी गिळली. पुरी एक फेरी. अडीच मिनिटं मी तिथे उभी राहून वारा खाल्ला, हे आयुष्यभर विसरणार नाही.

"पॅड तिचे नाहीत," मी म्हटलं. "तिने ट्रॅकचे घेतले होते. मी काढून माझे लावले. चढाचे. ते जळलेत. तिला माहीत नाही."

कोराडो "आई" एवढंच म्हणाला. अगदी हळू.

सिल्वानोने गाडी आत बोलावायचा काळा झेंडा उचलला. तो वर जायच्या आत पुंतो आमच्यासमोरून सुटली.

दिवे लागले. मी माझा उजवा पाय जमिनीवर दाबला, एवढा की गुडघ्यातून कळ डोक्यात गेली. गाडीचं नाक खाली झुकलं नाही. चाकांतून धूर आला, निळसर. वळण आलं आणि तिने चाक वळवलंच नाही. सरळ गेली. डांबर संपलं, खडी उडाली, एवढी उडाली की गाडी दिसेना.

मग वाऱ्याने धूळ नेली. पुंतो खडीच्या पट्ट्यात अर्ध्या चाकांपर्यंत रुतून उभी होती. पलीकडच्या, टायर रचून केलेल्या भिंतीपासून चार हात अलीकडे. दार उघडलं, तिहाना उतरली आणि तिने हात वर केला. मी कठड्याला टेकून खाली बसले. मला बसवत नाही म्हणतात ना, बसले मी.

ट्रॅक्टरने गाडी ओढून आणली. तिहाना तिच्यामागून चालत येत होती, हेल्मेट काखेत. माझ्यासमोर येऊन थांबली.

"टायर नव्हते, आई."

"नव्हते. पॅड माझे आहेत. तुझे मी गुरुवारीच काढले."

मला वाटलं ती ओरडेल. मी असते तर बंदरापर्यंत ऐकू गेलं असतं. तिने केसांतली धूळ झटकली.

"आणि खोकं?"

"मुद्दाम ठेवलं. तुला दिसावं म्हणून."

"पॅड बदललेत ते मला कळतं," ती शेवटी म्हणाली. "तुमचा गुडघा आहे, तुमची भीती आहे. चूक आहे, पण कळतं. पण मी मघाशी विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं. आणि तुम्ही माझ्याबरोबर बसून टायरची हवा काढलीत."

मला रडू आलं. मी ते वाऱ्यावर ढकललं, पण कोराडो फसला नाही.

"पोरी, वळली का नाहीस?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"शिकवलंय. थांबत नसेल तर वळायचं नाही, सरळ खडीत जायचं. वळले असते तर उलटले असते." तिने नाक पुसलं. "माझे पॅड कुठे आहेत?"

"व्हॅनमध्ये."

"इथे आणलेत?" तिच्या भुवया वर गेल्या. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरजही नव्हती. "अजून एक पाळी आहे. बसवा."

जेवणाच्या सुट्टीत सगळे चरबीत परतलेली पलेंता खात होते, आणि मी जमिनीवर पाय पसरून चाकं खोलत होते. तापलेल्या लोखंडाने दोन बोटं भाजली, बरं वाटलं. माझे पॅड काढले तर त्यांचे पापुद्रे सुटत होते, भाजून काळी झालेली भाकरी जशी. आज्ञाधारक म्हणे! डिस्कवर त्यांचा थर बसला होता, तो कागदाने घासून घासून काढला, नाहीतर नवे पॅड नीट धरणार नाहीत. मग फडकं सोडलं. तेच दगड. तोच वास. तिहाना माझ्या डोक्यावर उभी राहून प्रत्येक बोल्ट बघत होती. यापूर्वी ती कधी बघायची नाही. चावी देऊन निघून जायची.

सिल्वानोने चाकं हलवून पाहिली, खाली वाकून पॅडवरचा क्रमांक स्वतः वाचला. "नेविया," तो मला बाजूला म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच लावले असते. आपण दोघं जन्मभर वरच चढलो, त्याला काय करणार?" त्याने समजूत घातली, पण मला ती नको होती.

मी हात पुसत होते तेव्हा तिहानाने दुसरं हेल्मेट माझ्यापुढे धरलं.

"हे काय?"

"तुम्ही शेजारी बसायचं."

"मी? अगं, माझा गुडघा..."

"गुडघ्यासकट."

"तिहाना, हे पॅड गार आहेत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच."

कोराडोने माझा पट्टा आवळला. त्याचा चेहरा पांढराफटक होता. "आई," तो कानात म्हणाला, "तिला काही शिकवू नकोस, बरं का." मग चाकामागचा दगड काढला आणि मागे सरला.

आम्ही निघालो. छत्तीस वर्षांनंतर मी त्या वासाच्या पॅडवर बसले होते. बाहेर पडल्या पडल्या तिहानाने ब्रेक हलकेच दाबला, सोडला. पुन्हा दाबला, सोडला. सरळ पट्टा आला. इतरांच्या गाड्या भरभर पुढे गेल्या, ती प्रत्येकाला हात दाखवत होती, जा बाबा, जा. समोर ते वळण येत होतं. माझ्या डोळ्यांपुढे तिथे खडी नव्हती, भिंत होती, आणि फटीत अंजिराचं रोप. वळण अजून लांब होतं, इतकं लांब की मी तिथे कधी ब्रेक मारायचा विचारही केला नसता, आणि तेव्हाच तिने पाय ठेवला.

गाडी आधी काहीच बोलली नाही. मग कुरकुरली. मग सावकाश, नाराजीने, धरायला लागली.

आम्ही वळलो. भिंत मागे राहिली. मी श्वास सोडला तेव्हा लक्षात आलं की माझा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर जोराने रोवलेला आहे. तिहानाने तो पाहिला होता. तिने नजर रस्त्यावरून हलवली नाही.

"पाय काढा, आई," ती म्हणाली. "ब्रेक माझ्याकडे आहे."

पहिल्या फेरीला नाही जमलं. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या फेरीला पॅड तापले, आणि मी पाय काढला.